पाटील, मनगट ढिलं सोडा

हलगी तापवायला पाचट लागतं हे मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. लाकडावर पण तापते म्हणा, पण उसाच्या पट्ट्यात लाकूड कुठनं आणायचं, पाचट मात्र ढिगानं पडलेलं असतं. समाजमंदिराच्या मागं तात्या, गावातले हलगीवाले, उकिडवे बसायचे, मूठभर पाचट पेटवायचे, जाळ धरला की हलगी त्यावर आडवी धरून गोल गोल फिरवायचे आणि मधेच बाजूला घेऊन बोटानं टिचकी मारून ऐकायचे. कातडं गार असलं की नुसतं भदभद, तापलं की कडाड. जाळ जरा जास्त लागला तर कातडं फाटतं, त्यामुळं त्यांचं सगळं लक्ष तिकडं. अशा वेळी काही विचारलं तर उत्तर यायचं नाही, मला सुरुवातीला वाटायचं रागावलेत की काय.

त्या दिवशी नाटकाच्या तालमीचा चौथा का पाचवा दिवस होता. लाईट गेलेली, म्हणून सगळे बाहेरच जाळाभोवती थांबलो होतो. तात्यांचा नातू माझ्या शेजारी. वीस-एकवीसचा, पोलीस भरतीची तयारी करणारा, पहाटे चारला उठून रस्त्यानं पळणारा, बोलायला एकदम कमी. आणि तो जाळाकडं बघतच म्हणाला, “म्याडम, एक इचारू का? गावात लग्न आसलं तर आमीच वाजवायची. जत्रा आली तर आमीच. कोण मेलं तरी आमीच. आता तुमी सांगलीवरनं येऊन नाटक बसवायलाय, त्यात पण हलगी मीच वाजवायची व्हय?”

मी “अरे पण” म्हणाले आणि त्याच्यापुढं मला काही सुचेना. कारण आमचं नाटक नेमकं त्यावरच होतं. कुणी कुठलं काम करायचं ते जन्मावरनं ठरतं, ते चूक आहे, असं सांगणारं नाटक. आणि त्यातली कामं आम्ही जन्मावरनंच वाटून टाकली होती.

आता जरा मागचं सांगते, नाहीतर कळायचं नाही.

सांगलीच्या माणसाला नाटकाबद्दल बोलायला लावू नये, थांबतच नाही तो. आमचं गाव नाट्यपंढरी. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीता स्वयंवर’चा खेळ केला, कर्नाटकातनं भागवत मंडळी आली होती त्यांचे खेळ बघून चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना म्हणलं तू मराठीत असं काहीतरी कर, म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, हे आम्हाला शाळेपास्नं पाठ. नदीच्या कडेनं हरिपूरला गेलं की गोविंद बल्लाळ देवलांचं गाव, म्हाताऱ्या श्रीमंताला कोवळी पोरगी देण्याच्या चालीवर ज्यांनी १८९९ ला ‘शारदा’ आणलं ते देवल. म्हणजे समाजसुधारणेचं नाटक हेही आमच्याकडचंच, असा सगळा तोरा. मी भावे नाट्यमंदिरात वाढले असं म्हणलं तरी चालेल, राज्य नाट्य स्पर्धेत तीनदा काम केलं, दोनदा आई आणि एकदा भूत.

पण शाळेत कुणी कवलापूरचं नाव काढलं नाही. तासगाव रस्त्याला लागलं की बुधगावच्या पुढं कवलापूर, जिथं विमानतळ होणार होणार म्हणून माझा जन्म गेला. तिथले काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, सगळ्या महाराष्ट्रात ज्यांचा तमाशा गाजला. माझ्या वडिलांनी तो बघितला होता, हे त्यांनी मला सांगितलं ते आई गेल्यानंतर. आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाले, घरात कशाला उगाच. नाट्यपंढरीत ‘घरात कशाला उगाच’ वाला एक मोठा भाग आहे, आणि त्याच्या बाहेर मी चाळीस वर्षं काढली.

तर माझी एक मैत्रीण, पुण्यात बरीच वर्षं थिएटर करून परत आलेली, तिच्याकडं हा प्रोजेक्ट आला. कागदावर त्याचं नाव फार लांबलचक होतं, समुदाय आणि ओळख आणि सामाजिक न्याय आणि सादरीकरण असे सगळे शब्द त्यात होते. गावात आम्ही ‘नाटकाचं शिबिर’ म्हणालो. आणि गावानं आम्हाला ‘नाटकवाल्या बायका’ म्हणलं. वाळवा तालुक्यातलं गाव, नाव नको. आम्ही पाच जणं, शनिवार-रविवार जायचं आणि मधे जमेल तशा संध्याकाळी, असं अडीच महिने. मी ऑफिस करून जात होते, एसटी चुकली की मैत्रिणीच्या स्कूटीवर, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागनं जीव मुठीत धरून.

पहिल्या दिवशी आम्ही चार्ट पेपर आणि स्केचपेन वाटले. ‘मी कोण?’ असं वर लिहायचं आणि खाली शब्द नाहीतर चित्र. पुण्या-मुंबईच्या शिबिरांत हे लई चालतं म्हणे, लोक रडतात वगैरे. इथं कोण रडलं नाही. पोरांनी क्रिकेटची बॅट काढली, एका मुलीनं आधार कार्ड काढलं, अगदी चौकोन आणि नंबराच्या रेघांसकट, ते मला आवडलं. आणि एक म्हातारी, सगळ्या आजी म्हणायच्या तिला, ती म्हणाली मला लिव्हायला येत न्हाई, तुमीच आधी सांगा. तुमी कुणातल्या?

मी म्हणलं, आम्ही सांगलीच्या.

“गाव न्हाई इचारलं बाई.”

सगळा घोळका हसला. मी पण हसले. मग मैत्रीण म्हणाली सांग की, आपण त्यांना विचारतोय तर आपण पण सांगितलं पाहिजे. आणि मी माझी जात सांगितली. चाळीस वर्षांत मी ती मोठ्यानं चारचौघांत कधी बोललेच नव्हते, फॉर्मवर लिहिलेली होती तेवढीच, कारण आमच्यासारख्यांना कधी कोण विचारतच नाही, आडनावावरनं कळलेलं असतं आणि कळल्यावर खुर्ची पुढं येते. बोलताना माझा आवाज बारीक झाला तो माझा मलाच ऐकू आला. आजीनं ‘बरं’ म्हणलं आणि मला बसायला जागा करून दिली. सरकली ती. पण जरा जास्तच सरकली.

घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला त्यात काय, म्हातारी माणसं तशीच असतात. असेल. मला मात्र ती सरकलेली हातभर जागा दिसत राहिली.

शिबिरात जे काय जमा झालं त्यातनं आम्ही गोष्ट उभी केली. वाड्यात कोणीतरी वारलंय, रात्रीची वेळ, वाड्यावरनं हलगीवाल्याच्या घरी निरोप येतो, सकाळी यायचं. घरात पोराची दुसऱ्या दिवशी परीक्षा. बाप आजारी. जायचं का नाही. एवढीच गोष्ट. तात्यांच्या घरचीच ती, थोडी इकडं तिकडं. आणि हलगी वाजवणाऱ्या पोराचं काम अर्थातच नातवाला, कारण त्याला वाजवता येतं, खरं वाटेल, ‘ऑथेंटिक’ वाटेल. हा शब्द आमच्यातल्याच कुणीतरी वापरला, बहुतेक मीच.

आणि त्यानं त्या जाळापाशी विचारलं, हितं पण मीच व्हय.

रात्री सांगलीला परतताना मैत्रीण गाडी चालवत होती आणि मी मागं बसून बडबडत होते. ती म्हणाली आपल्या गावातच बघ की. गोकुळनगरातल्या बायकांनी, धंदा करणाऱ्या बायकांनी, वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली १९९६ ला, आणि त्यांनी स्वतःच्या जगण्यावर नाटक केलं, स्वतः उभ्या राहिल्या त्यात. त्यांचं म्हणणं काय होतं माहितीय का, आम्हाला वाचवायला येणाऱ्यांपासून वाचवा. मी म्हणलं आपण काय वाचवायला नाही गेलोय. ती काही बोलली नाही, समोरनं ट्रॅक्टर येत होता, बिनलाईटचा.

झोप काय लागली नाही. आणि डोक्यात काय आलं तर पठ्ठे बापूराव आणि अण्णाभाऊ. कारण दोघंही याच वाळवा तालुक्यातले, आणि हे मला माहीत असून कधी एकत्र सुचलं नव्हतं. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६ चा जन्म, कुळकर्ण्याच्या घरातलं पोरगं तमाशात गेलं, पवळाबाईबरोबर फड गाजवला आणि पठ्ठे बापूराव झालं. पवळाबाई महार समाजाच्या. जातीतनं गेले, घरातनं गेले, शेवट हलाखीत झाला, सगळं खरं. आणि वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, १ ऑगस्ट १९२०, मातंग घरात जन्म, शाळा जेमतेम दीड दिवसाची, बापाबरोबर चालत मुंबईला गेलेले, तिथं गिरणीत काम आणि १९४४ ला अमर शेख आणि गवाणकरांच्या जोडीनं लाल बावटा कलापथक. अण्णाभाऊंनी तमाशाचा सांगाडा तसाच ठेवला पण गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, गणपतीच्या जागी मायभूमी आणि शिवाजी महाराजांना वंदन आणलं, आणि वगात, म्हणजे गोष्टीच्या भागात, राजा-प्रधानाच्या जागी सावकार आणि कामगार. त्याच्याही आधी आमच्या सातारा जिल्ह्याच्या गावागावात सत्यशोधकी जलसे होत होते (तेव्हा वाळवा साताऱ्यातच, १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली), म्हणजे तमाशाचा साचा घ्यायचा आणि त्यातनं भटजी-सावकाराची पोल खोलायची, पोरांना शाळेत घाला म्हणून सांगायचं, हे इथल्या मातीत शंभर वर्षं मुरलेलं. आम्ही ते ब्राझीलवरनं आणल्यासारखं सांगत होतो, कारण आमची नाटकाची पद्धत तिकडची.

पण मला त्या रात्री खटकलं ते वेगळं. बापूरावांनी कुळकर्णीपण टाकलं, ते त्यांनी टाकलं. मोठी किंमत दिली, पण टाकायचं का नाही ते त्यांच्या हातात होतं. आणि लोक अजून कौतुकानं सांगतात, ब्राह्मण असून तमाशात गेला. त्यांच्या फडात हलगी-ढोलकी वाजवणारी जी माणसं असतील त्यांच्याबद्दल कुणी ‘असून’ म्हणत नाही. ती तिथंच असायची ना. तात्यांच्या नातवाला नेमकं तेच टाकायचं होतं आणि आम्ही त्याला म्हणत होतो अरे तुझी कला आहे ती, तुझी ओळख आहे. गावकीची कामं टाका म्हणून बाबासाहेबांनी जन्म घालवला, वतनाच्या, म्हणजे पिढीजात गावकामाच्या, प्रश्नावर त्यांनी १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं होतं, कायद्यानं ती कनिष्ठ वतनं गेली १९५८ ला. आणि आम्ही स्केचपेन घेऊन आलेल्या बायका.

तात्यांचं मात्र नातवाशी जमत नव्हतं या बाबतीत. त्यांना वाजवण्याचा अभिमान. कुस्तीच्या मैदानात ते वाजवायचे, जोड लागली की ठेका कसा चढवत न्यायचा, पैलवान नुसते खडाखडी करत बसले तर हलगीनंच त्यांना कसं चिथवायचं, हे सांगताना त्यांचे हात मांडीवर चालायचे. लग्नाचा ठेका वेगळा, मिरवणुकीचा वेगळा, मयताचा वेगळा. मयताचा त्यांनी आम्हाला वाजवून दाखवला नाही, उगं कशाला म्हणाले. मी एकदा विचारलं, तात्या तुम्हाला कधी नको वाटलं नाही का हे? ते बराच वेळ काडी साफ करत राहिले. “वाजवायची लाज कवाच न्हाई वाटली. वाजवून झाल्यावर दारात हुबं ऱ्हायाची वाटली.”

नातू पलीकडं उभा होता, त्यानं ऐकलं असणार, काही म्हणाला नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही सगळ्यांसमोर विषय काढला. हा हलगी वाजवणार नाही, त्याला वाजवायची नाहीये, मग कोण वाजवतंय? शांतता. मग मागनं एकजण म्हणाला मी वाजवतो की. वरच्या गल्लीतला, डिप्लोमाला असलेला, गणपतीत मंडळात ताशा वाजवणारा. आडनाव पाटील, आणि त्या गावात निम्मे पाटीलच आहेत त्यामुळं लिहायला हरकत नाही. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. त्याचा एक मित्र हळूच म्हणाला, घरात कळलं तर? तो म्हणाला कळूदे, ताशा वाजवतोय तेव्हा कुठं काय म्हणतात.

ताशा आणि हलगीत काय फरक आहे ते त्याला माहीत होतंच की. सगळ्यांना माहीत होतं.

शिकवायला तात्या. आता खरी गंमत. तो मुलगा लहानपणापास्नं तात्यांना नावानं हाक मारत आलेला, तेही ‘ए’ करून, आजोबाच्या वयाच्या माणसाला. गावात वरच्या घरची पोरं खालच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना अशीच बोलतात, त्यांना ते उद्धट आहे हेही कळत नाही. आणि तात्या त्याला ‘पाटील’, अहो-जाहो, तो चड्डीत होता तेव्हापास्नं. शिबिराचा आमचा नियम होता की इथं सगळे दादा-ताई-तात्या-आजी. नियम करायला काय जातंय. पोरगं तात्यांसमोर हलगी घेऊन बसलं आणि त्याच्या तोंडातनं ना नाव येईना ना तात्या येईना. मग त्यानं एक युक्ती काढली, जी मराठीत फार जुनी आहे, सुना सासऱ्याशी बोलताना काढायच्या ती. “ही काडी कशी धरायची?” “आता इथं किती वेळा मारायचं?” म्हणजे कुणाला हाकच नाही, तू पण नाही तुम्ही पण नाही. तीन आठवडे तो असा बिनहाकेचा बोलला. मला त्याचं हसू पण यायचं आणि कौतुक पण वाटायचं, कारण एवढं अवघड व्याकरण सांभाळत हलगी शिकायची म्हणजे खायचं काम नाही.

आणि तात्यांचं, “पाटील, मनगाट ढिलं सोडा.” “पाटील, दंडातनं नगा मारू, दंड दुखंल तुमचा.”

हलगी डाव्या हाताच्या पंज्यावर तोलायची, त्याच हाताच्या बोटांत बारीक काडी, ती कातड्याला नुसती चाटून जाते, आणि उजव्या हातात जाड टिपरी, तिचा ठोका. सगळी मजा त्या बारीक काडीत आहे. ठोका कोणीपण मारंल म्हणायचे तात्या. पोरगं ताशातनं आलेलं, त्यामुळं त्याचा सगळा जोर उजव्या हातात, डावा हात नुसता लाकूड. एका संध्याकाळी तात्या तोंडानं बोल म्हणत होते आणि हा परत परत त्याच जागी चुकत होता, सातव्यांदा का आठव्यांदा चुकला तेव्हा तात्या एकदम ओरडले, “आरं लेका, मनगाट! मनगाट सोड की!” आणि त्याचं डावं मनगट धरून गदागदा हलवलं.

आणि मग दोघंही गप्प.

समाजमंदिरात सात-आठ जणं होतो. कोणीतरी खोकलं. तात्यांनी हात मागं घेतला होता आणि ते टिपरीकडं बघत होते. पोरगं पण हलगीकडं. मला वाटतं अर्धा मिनिट गेलं असेल. मग त्यानं परत काडी लावली आणि सुरू केलं, आणि परत चुकला त्याच जागी, आणि म्हणाला, “तात्या, इथंच घसरतंय बघा.”

मी त्याचा व्हिडिओ काढला नाही याचं मला अजून बरं वाटतं. प्रोजेक्टवाल्यांना फोटो लागायचे, दर आठवड्याला मेल यायचा, ‘परिवर्तनाचे क्षण’ पाठवा म्हणून. आम्ही चार्ट पेपरचे पाठवले.

आता नाटकाबद्दल. आम्ही ते फोरम पद्धतीनं करणार होतो. ब्राझीलचे ऑगस्टो बोआल, त्यांनी ही पद्धत आणली, की नाटक एका अडचणीच्या ठिकाणी थांबवायचं, आणि प्रेक्षकांना विचारायचं की या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, आणि नुसतं सांगायचं नाही, उठून यायचं आणि त्या पात्राच्या जागी उभं राहून करून दाखवायचं. बंगालात १९८५ ला सुरू झालेला जनसंस्कृती नावाचा गट खेड्यापाड्यात हे करतोय. आपल्याकडं दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाल्यावर त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अतुल पेठ्यांबरोबर रिंगणनाट्य सुरू केलं, दाभोलकर आमच्या शेजारच्या साताऱ्याचे, ते रिंगण मी बघितलेलं. त्यात प्रेक्षक उठून येत नाही पण गोल असतो, स्टेज नसतं, अंगावर येतं सगळं.

फोरममध्ये जो नाटक थांबवतो आणि लोकांना बोलतं करतो त्याला बोआल जोकर म्हणतात. ते काम माझं. हे गावात सांगितल्यावर जी काय खिदळ झाली, ‘म्याडम जोकर हाईत’, ती शेवटपर्यंत चालली. तात्या म्हणाले त्ये आमच्यातला सोंगाड्या. आणि खरंच की. तमाशातला सोंगाड्या, राजाला पण टोकणारा, मधेच गोष्टीतनं बाहेर येऊन लोकांशी बोलणारा. आपल्याकडं असलेलीच वस्तू आपल्याला परदेशी पाकिटातनं आल्यावर कळते हे मी दुसऱ्यांदा शिकले त्या अडीच महिन्यात. टाळी वाजवून ‘थांब!’ म्हणायचं आणि सगळे होते तसे थिजणार.

कामं आम्ही परत वाटली. म्हणजे त्यांनीच वाटली. हलगीवाला पोरगा झाला पाटलाचा मुलगा, आणि वाड्यावरचा मालक, जो निरोप पाठवतो, तो झाला तात्यांचा नातू.

प्रयोग मारुतीच्या देवळापुढं नको असं आधीच वरनं आलं होतं, म्हणून शाळेच्या पटांगणात. दोन-अडीचशे लोक तरी असतील. मी तशी पोचलेली नटी, पण माझे पाय कापत होते. आणि नातू मालक म्हणून आला, धोतर कुणाचंतरी मागून आणलेलं, खुर्चीवर बसला, एक पाय वर घेतला आणि म्हणाला, “आरं, कोन हाय का रं तिकडं? सांगावा धाडा त्याला.” पटांगणात पहिल्यांदा हशा झाला आणि मग तो हशा असा विझत गेला. कारण पोरगं अॅक्टिंग करत नव्हतं असं वाटायला लागलं. तो पाय, ती मान न वळवता बोलायची पद्धत, ‘त्याला’ म्हणताना नाव न घेणं. एकवीस वर्षं दारात उभं राहून ऐकलेलं सगळं त्याला पाठ होतं. आम्ही त्याला एक ओळ पण शिकवलेली नव्हती. पाटलाच्या मुलाचा चुलता दुसऱ्या रांगेत बसला होता तो मोबाईल कानाला लावून उठला आणि बाहेर गेला तो परत आला नाही.

निरोप आला, हलगीवाला पोरगा आजारी बापाकडं बघतोय, मी टाळी वाजवली. थांब. आता सांगा, यानं काय करावं?

बराच वेळ कोण उठलं नाही. मग बचत गटातली एक बाई आली, हलगीवाल्याच्या जागी उभी राहिली आणि मालकाला म्हणाली, येतो की मालक, पाच हजार होतील, अर्धे अगुदर. पटांगण हसून लोळलं. नातू खुर्चीतनं म्हणाला, पाच हजारात बेंजो येतोय बाई. ती म्हणाली मग बेंजो सांगा! टाळ्या. मग एक मास्तर आले, त्यांनी लांबलचक भाषण केलं, संविधान वगैरे, सगळं बरोबर होतं पण लोक चुळबुळ करायला लागले. मग आठवीतली एक मुलगी आली. पहिल्या दिवशी आधार कार्ड काढलेली तीच. ती मालकापुढं गेली आणि म्हणाली, “मी वाजवीन. पण तुमचा पोरगा पण माझ्यासंगं वाजवंल. तुमच्या घरातलं माणूस गेलंय, मग एकटं आमीच का?”

नातवाला काय बोलायचं ते सुचेना. तो खरोखर मालकाच्या जागी अडकला. शेवटी तो म्हणाला, “बघू, इचारून सांगतो पोराला,” आणि टाळ्या अशा पडल्या की बस्स, तात्या पण हसत होते, आजी पदर तोंडाला लावून. आम्ही पाचही जणं रडलो परतताना. काहीतरी झालंय असं वाटत होतं. झालं पण असेल.

हे दीड वर्षापूर्वीचं. नातू भरतीला दोन मार्कांनी राहिला, परत देतोय. पाटलाच्या मुलाचा डिप्लोमा झाला, एमआयडीसीत लागला, मधे एकदा स्टेटसला हलगीचा व्हिडिओ होता, बारीक काडी बऱ्यापैकी चालायला लागलेली. मी लगेच अंगठा पाठवला.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. रात्रीचे साडेनऊ, मी भाकरी करत होते, स्पीकरवर टाकला. त्याची आजी गेली होती, आदल्या दिवशी. वय झालेलं, नव्वदीच्या पुढची, त्यामुळं वाजत-गाजत न्यायची असं चुलत्यांनी ठरवलं. सकाळी तात्यांच्याकडं निरोप गेला. कुणी पाठवला विचारलं तर म्हणाला, चुलत्यांनी, पण घेऊन गेलता आमचा गडी. नातू दारातच म्हणाला तात्या येणार न्हाईत. आणि तात्या आतनं हलगी घेऊन बाहेर आले.

“मग?”

“मग काय. आमच्या दारात वाजवायलेत. मी तिथंच हाय, खांदा द्यायला. मला त्यो ठेका येतोय म्याडम. त्येंनी मला शिकवलाय मागनं, मयताचा. घरात दुसरी हलगी पण हाय माज्याकडं, म्या घेतलीय.”

भाकरी तव्यावर होती, ती करपायला लागली, मी ती हातानंच उलटली.

“मी त्येंच्याजवळ गेलो. काडी मागावी म्हणून गेलतो. चुलते बघायलेते, पावणे आलेले सगळे. म्हणलं तात्या…”

“तात्या म्हणालास?”

“हळू म्हणलो.”

“मग काय म्हणाले?”

“काय न्हाई. माज्याकडं बघितलं. हात चालूच हुता. म्हणाले, पाटील, जरा बाजूला व्हा, तिरडी यायलीय.”